सासूबाईंची विसराळूपणाची गोळी आणि शेतातलं फवारणीचं औषध, दोन्ही एकाच एन्झाइमवर?

मीठमिरची

नमस्कार मंडळी. हा विषय आरोग्यात बसतो की शेतीत ते मलाच कळेना, संपादकांना योग्य वाटेल तिथे हलवावा.

सासूबाई ७६ वर्षांच्या. गेल्या वर्षी न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला आणि डोनेपेझिल सुरू केलं, आधी ५ मग १०. चमत्कार वगैरे काही झाला नाही पण परत स्वतःहून वाती वळायला बसतात, फोनवर नणंदेला नावाने हाक मारतात, एवढं तरी आहे. तर झालं काय की मी गोळ्यांच्या खोक्यातला तो बारीक अक्षराचा कागद वाचत बसले आणि त्यात लिहिलंय 'ॲसिटिलकोलिनेस्टरेज इनहिबिटर', म्हणजे हे एन्झाइम अडवणारं औषध. आता हे नाव माझ्या डोक्यात होतं, कारण माझं माहेर वणीकडचं आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं गेली तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द होता. नेटवर शोधलं तर खरंच तेच एन्झाइम. म्हणजे शेतमजुरांच्या अंगात त्या विषाने जे केलं तेच ही गोळी करते? आणि ती मी रोज रात्री त्यांना स्वतःच्या हाताने देतेय? नवरा म्हणतो गूगल बंद कर आणि झोप. कुणी नीट समजावून सांगेल का, मला बारावीला बायो नव्हतं.

शंकासुर

जागा पकडून ठेवतो. प्रश्न चांगला आहे.

बेंझीन_रिंग

ताई, तुमचं वाचन अगदी बरोबर आहे, एन्झाइम तेच. पण घाबरू नका, सविस्तर लिहितो (बायोकेमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल, सहन करा).

आपल्या नसा एकमेकींना आणि स्नायूंना निरोप देतात तो बऱ्याचदा ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. नसेच्या टोकाकडून ते सुटतं, पलीकडच्या पेशीवर रिसेप्टर असतो त्याला चिकटतं आणि तिकडे काम सुरू होतं. दारावरची बेल दाबली असं समजा. आता बेल दाबून बोट काढायला नको का? ते बोट काढायचं काम हे एन्झाइम करतं, ॲसिटिलकोलिनचे दोन तुकडे, ॲसिटेट आणि कोलिन, की निरोप संपला. आणि वेग इतका की एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो, निसर्गातल्या सगळ्यात चपळ एन्झाइमांमध्ये याची गणती होते. एवढी घाई असावीच लागते, नाहीतर डोळ्याची पापणी एकदा मिटली की उघडायचीच नाही.

हे सगळं कळलं कसं त्याची गोष्ट मी वर्गात हमखास सांगतो. ओटो लोवी नावाचा ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातला शास्त्रज्ञ, त्याला प्रयोग स्वप्नात सुचला, झोपेत चिठ्ठीवर खरडून ठेवला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न परत पडलं तेव्हा पठ्ठ्या उठून सरळ लॅबमध्ये गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची व्हेगस नस (हृदयाकडे जाणारी) चाळवली, ते मंदावलं, मग त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर टाकलं तर तेही मंदावलं. म्हणजे नस विजेने नाही तर रसायनाने बोलते. हे १९२१ सालचं, १९३६ ला हेन्री डेलबरोबर नोबेल. पण आपल्या धाग्याच्या कामाचा भाग पुढचा आहे, १९२६ मध्ये लोवी आणि नावराटिल यांनी दाखवलं की ते रसायन शरीरातलं एक एन्झाइम मोडून टाकतं आणि फायसोस्टिग्मिन नावाचं औषध दिलं की ते मोडणं थांबतं. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या गोळीचं तत्त्व तेव्हाच हाताशी आलं होतं.

आता अल्झायमर. मेंदूच्या बुडाशी मायनर्टचा बेसल न्यूक्लियस म्हणून पेशींचा पुंजका आहे, तिथून मेंदूच्या वरच्या थराला ॲसिटिलकोलिनचा पुरवठा होतो, लक्ष देणं आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवणं यासाठी तो लागतो. अल्झायमरमध्ये या पेशी मरतात. १९७६ च्या सुमाराला ब्रिटनमध्ये मृत रुग्णांच्या मेंदूत तपासलं तर ॲसिटिलकोलिन बनवणारं एन्झाइम खूप कमी झालेलं सापडलं. मग विचार असा झाला की बनवणं वाढवता येत नाही तर तोडणं तरी कमी करू, जे थोडं सुटतंय ते जास्त वेळ टिकेल. बस, डोनेपेझिल म्हणजे एवढंच.

आणि फवारणीतलं विष? तेही तोडणंच थांबवतं, पण जवळजवळ सगळं, सगळ्या शरीरात, आणि सुटतच नाही असं. डोनेपेझिल एन्झाइमच्या खोबणीत बसतं आणि निघून जातं, ऑरगॅनोफॉस्फेट (फवारणीतल्या अशा विषांचं कुळ) तिथल्या सेरीनवर, म्हणजे एन्झाइमच्याच एका घटकावर, फॉस्फरसचा तुकडा पक्का चिकटवून टाकतं. फरक इथे आहे.

मीठमिरची

बाप रे किती छान सांगितलंत. म्हणजे औषध आणि विष यात मात्रेचा फरक म्हणायचा का?

बेंझीन_रिंग

मात्रा आहेच पण चिकटण्याची पद्धतही आहे. डोनेपेझिल शरीरात टिकतं बराच वेळ, अर्धं व्हायला जवळपास ७० तास लागतात म्हणून दिवसातून एकदा पुरतं, पण एन्झाइमला मोडत नाही. शिवाय ते मेंदूत चांगलं शिरतं. उलट मायस्थेनियाच्या (स्नायू लवकर थकतात, लुळे पडतात तो आजार) रुग्णांना पायरिडोस्टिग्मिन देतात ते मेंदूत फारसं जात नाही, तिथे गरज स्नायूंना असते. ती सुरुवात १९३४ ची, मेरी वॉकर या डॉक्टरने लंडनच्या ग्रिनिचमधल्या हॉस्पिटलात मायस्थेनियाच्या बाईला फायसोस्टिग्मिन टोचून बघितलं आणि पडलेल्या पापण्या उघडल्या. तिचं डोकं असं चाललं की मायस्थेनिया हा क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या बाधेसारखा दिसतो, मग त्याचा उतारा इथे का चालू नये.

आजीचा_नातू

आमच्या आजीला पण डोनेपेझिल होतं. पहिल्या महिन्यात जुलाब, मळमळ, जेवण बंद, वजन उतरलं. शिवाय रात्री भयानक स्वप्नं, ओरडत उठायची, आम्हाला वाटलं आजार वाढला. फॅमिली डॉक्टरांनी फक्त गोळीची वेळ रात्रीची सकाळी केली, स्वप्नं थांबली. पोट मात्र सुधारेना म्हणून न्यूरोलॉजिस्टनी याच प्रकारच्या रिव्हास्टिग्मिनचा पॅच दिला, पाठीवर लावायचा, रोज जागा बदलायची आणि जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. हे शेवटचं मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवलं होतं कारण बाई बदलली की दोन पॅच लागायची भीती.

बेंझीन_रिंग

स्वप्नांचं कारण सरळ आहे, स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदूत ॲसिटिलकोलिन मुळातच भरपूर असतं, त्यात रात्रीची गोळी. आणि जुलाब, मळमळ यासाठी की आतड्यांनाही याच रसायनाचे निरोप जातात. गोळी मेंदूसाठी असली तरी रक्तातून सगळीकडे फिरणारच.

शंकासुर

सगळं ठीक आहे हो पण एक रोखठोक विचारतो. या गोळ्यांनी होतं काय? मी वाचलंय ते असं की ७० गुणांच्या स्मरणचाचणीत औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरासरी दोन-तीन गुणांचा फरक. दोन-तीन गुणांसाठी घरोघरी म्हाताऱ्या माणसांना मळमळ सोसायला लावायची? पेशी मरायच्या त्या मरतातच ना. मला तर हा औषध कंपन्यांचा धंदा वाटतो.

गुळवेल

शंकासुर, आकडा तुमचा बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा. मी फिजिशियन आहे, म्हातारी माणसं रोज बघते. गोळी आजार थांबवत नाही, हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं आणि पुष्कळ जण सांगत नाहीत हे मान्य. पण सरासरी दोन-तीन गुण म्हणजे कुणाला शून्य आणि कुणाला चांगला फरक. मीठमिरचीच्या सासूबाई वाती वळायला बसल्या ही गोष्ट त्या चाचणीत मोजलीच जात नाही.

गोळी बंद करावी की नको याचा ब्रिटनमध्ये चांगला अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला. आजार मध्यम ते तीव्र झालेले २९५ रुग्ण, आधीपासून डोनेपेझिलवर असलेले. काहींचं चालू ठेवलं, काहींचं बंद केलं, वर्षभर पाहिलं. चालू ठेवलेल्यांची समज आणि रोजची कामं तुलनेने बरी राहिली. त्याच लोकांवर पुढे लक्ष ठेवलं तेव्हा गोळी बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात नर्सिंग होममध्ये ठेवावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून मी अशी गोळी कुणी सांगितलं म्हणून एकदम बंद करत नाही, आणि उपयोग दिसत नसेल, वजन उतरत असेल, चक्कर येत असेल तर हळूहळू कमी करून बघायलाही कचरत नाही.

आता धागाकर्तीसाठी महत्त्वाचं. नाडी बघत जा. या औषधाने हृदयाचे ठोके मंद होऊ शकतात (लोवीचा बेडूक आठवा), त्यात बीपीसाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर जास्तच. म्हातारं माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलं की आपण फरशीला दोष देतो. सुरू करण्याआधी एक ईसीजी आणि नंतर अधूनमधून नाडी, एवढं करावं. गुडघ्यासाठी पेनकिलर रोज घेत असतील तर तेही सांगा, पोटातलं ॲसिड वाढतं या गोळीने.

मीठमिरची

गुळवेलताई, बीपीला ॲम्लोडिपिन आहे फक्त. पण एक विचारायचंच राहिलं. लघवी अडवता येत नाही, जायच्या आत कपडे खराब होतात म्हणून एका यूरोलॉजिस्टकडे गेलो होतो, त्यांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. लघवीचं बरं आहे पण तेव्हापासून संध्याकाळी फार गोंधळ, "मला माझ्या घरी सोडा" म्हणत दाराशी जातात. आजार पुढे गेला असं आम्ही धरून चाललोय.

गुळवेल

थांबा. हे दोन्ही औषधांचे कागद घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे या आठवड्यातच जा.

डोनेपेझिल ॲसिटिलकोलिन टिकवतं. ऑक्सिब्युटिनिन ॲसिटिलकोलिनचा रिसेप्टरच बंद करतं, मूत्राशयातला करायचा म्हणून देतात पण ते मेंदूतही शिरतं. म्हणजे एक डॉक्टर नळ सोडतोय आणि दुसरा बादली पालथी घालतोय. आणि गंमत अशी की लघवीची घाई डोनेपेझिलनेच वाढलेली असू शकते, मूत्राशयाचा स्नायूही याच रसायनावर आकुंचन पावतो. म्हणजे पहिल्या गोळीचा त्रास हा नवा आजार समजून दुसरी गोळी आली आणि दुसरीने पहिलीचं काम पुसलं. असं फार घरांत होतं, कारण दोन डॉक्टर एकमेकांचे कागद बघत नाहीत.

आणि फक्त ऑक्सिब्युटिनिन नाही हो. झोप येत नाही म्हणून ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीची झोप आणणारी जुनी औषधं, हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, ही सगळी त्याच घराण्यातली. डिमेन्शिया असलेल्या माणसाला यातलं काही चालू असेल तर मी आधी ते काढता येतं का बघते, नवीन काही लिहायच्या आधी. लघवीसाठी मिराबेग्रॉनसारखं वेगळ्या रस्त्याने काम करणारं औषध आहे. पण तुमचं तुम्ही बदलू नका, डॉक्टरांना विचारून.

कोकणकडा

या सगळ्यापेक्षा ब्राह्मी का देत नाही कोणी? आमच्याकडे परसात आहे, आजोबा ९१ व्या वर्षी तल्लख.

शंकासुर

आजोबा ब्राह्मीने तल्लख की मुळातच तल्लख हे कसं ठरवलंत?

कोकणकडा

ब्राह्मीवर शंका घेणारा शंकासुर बघितला नव्हता, शिमग्याला नाचणाराच माहीत होता 😄

बेंझीन_रिंग

ब्राह्मीवर निरोगी माणसांत छोटे-छोटे अभ्यास आहेत, काहींत स्मरणात थोडा फरक दिसतो. अल्झायमरच्या गोळीची जागा तिने घ्यावी एवढा पुरावा त्यात नाही. आणि 'वनस्पती म्हणजे निरुपद्रवी' हे तर या एन्झाइमच्या बाबतीत बिलकुल नको. गॅलँटामिन हे अल्झायमरचं औषध मुळात स्नोड्रॉपच्या कुळातल्या फुलझाडांतून आलं. लोवीने वापरलेलं फायसोस्टिग्मिन आलं कॅलाबार बीमधून, नायजेरियातल्या कॅलाबारकडे ही बी आरोपीला खायला घालून न्याय करायचे, ओकला तर सुटला, मेला तर गुन्हेगार. दोन्ही निसर्गातलीच.

आपल्याकडचं उलट टोक म्हणजे धोतरा. महादेवाला वाहतो तो. त्यात ॲट्रोपिन आणि हायोसिन, हे ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर बंद करतात, म्हणून धोतरा खाल्लेलं पोर अंग तापलेलं, तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या आणि बरळत असलेलं येतं. गुळवेलताईंनी सांगितलेल्या ऑक्सिब्युटिनिनचा गोंधळ हा त्याच जातीचा, फक्त सौम्य.

वऱ्हाडी_ठेचा

इथं समदे शहरातले बोलून रायले म्हणून मी थोडं शेतातलं सांगतो. यवतमाळ तालुक्यातला आहो, घरी पऱ्हाटी (म्हंजे कापूस) अन् तूर. २०१७ चा तो हंगाम आमी डोयानं पाह्यला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, फवारा वरच्या शेंड्यावर मारा लागे, अन् हवा फिरली का समदं आपल्याच तोंडावर. त्यात नवीन चार्जिंगचे पंप, तुषार इतका बारीक का धुकंच समजा. अंगात बनियन, पायात काई नाई, उन्हानं घाम, कातडीतून आत जाते हे कोणाले माहीत. अन् कृषी केंद्रवाला दोन-तीन औषधं एका पंपात मिसळून द्यायचा, बोंडअळी मरत नोती म्हणून. जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली, शेकड्यानं भरती झाली. डोये चुरचुरत, दिसे नाई, उलट्या, अन् तोंडातून फेस. आमच्या गल्लीतला मजूर वाचला पण सहा महिने त्याले उन्हात उभं राहवत नोतं.

म्हणून मीठमिरची ताई, तुमच्या सासूबाईच्या गोळीचं नाव वाचून माह्या बी अंगावर काटा आला. समजावून सांगितलं ते बरं केलं सर.

बेंझीन_रिंग

दादा, तुम्ही लिहिलं ते फार गरजेचं होतं. एक भर घालतो, तेव्हाच्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेटं होती, ती या एन्झाइमवरच जातात. पण डायफेन्थियुरॉनही वापरात होतं, ते या गटातलं नाहीच, त्यावर ॲट्रोपिन-पॅमचा (ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत देतात ती दोन औषधं) उतारा लागू नाही. म्हणून पेशंट नेताना डबा किंवा लेबलचा फोटो बरोबर न्यायचा असतो. लेबलवर त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि त्याच लेबलवर उताराही छापलेला असतो.

बिहारमध्ये २०१३ साली शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली, सारण जिल्ह्यात, तेही मोनोक्रोटोफॉसच, स्वयंपाकाच्या तेलात आलेलं.

भुलीचा_डॉक्टर

उशिरा आलो. आयसीयूत ऑरगॅनोफॉस्फेटचे पेशंट वर्षानुवर्षं बघितलेत, फवारणीचे थोडे, औषध प्यायलेले जास्त. तर उपचाराबद्दल थोडं.

ॲट्रोपिन एन्झाइमला हात लावत नाही, ते रिसेप्टर झाकतं, त्यामुळे छातीतलं पाणी सुकतं, नाडी वर येते. आम्ही डोस दर काही मिनिटांनी दुप्पट करत जातो, छाती कोरडी ऐकू येईपर्यंत. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नये, छाती बघावी. पण ॲट्रोपिनने स्नायूंची ताकद येत नाही. एन्झाइम मोकळं करायचं काम पॅमचं, प्रॅलिडॉक्सिम, ते सेरीनवरचा फॉस्फरसचा तुकडा उचकटून काढतं. पण त्याला वेळेची मर्यादा आहे. काही तासांनी तो तुकडा स्वतःचा एक भाग टाकून देतो आणि मग इतका घट्ट बसतो की पॅमला निघत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्यांत हे जवळपास चार तासांत अर्धं होऊन जातं, क्लोरपायरिफॉससारख्यांत तीसेक तास मिळतात. म्हणून "आधी गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावू, उद्या बघू" हे चालत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्राचं यात नाव आहे बरं का. बारामतीत २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, सगळ्यांना आधी २ ग्रॅम पॅम, मग निम्म्यांना ४८ तास तासाला १ ग्रॅम सतत आणि निम्म्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम. सतत दिलेल्यांत मृत्यू कमी, व्हेंटिलेटर कमी. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात पॅमचा फायदाच दिसला नाही, त्यामुळे जगभर अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर लवकर आलेला, योग्य विषाचा पेशंट असेल तर मी देतो. उशिरा आलेल्यात आशा ठेवत नाही.

अजून एक, नातेवाइकांनी लक्षात ठेवावं असं. पेशंट शुद्धीवर आला, बोलायला लागला, सगळे खूश, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अचानक श्वास बंद पडतो. याला इंटरमीजिएट सिंड्रोम म्हणतात, १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नीट वर्णन केलं. आधी मान उचलता येत नाही. म्हणून आम्ही राउंडला रोज सांगतो, उशीवरून मान उचला. न उचलता आली तर पेशंट हलवायचा नाही, व्हेंटिलेटर तयार ठेवायचा. "बरा झालाय, घरी नेतो" म्हणून सही करून नेलेले पेशंट परत आलेले नाहीत, हे मी पाहिलंय.

साबुदाणा_वडा

वाचनखूण साठवली. असे धागे आता फार कमी येतात.

शंकासुर

भुलीच्या डॉक्टरांना प्रश्न, भूल देताना या एन्झाइमचा संबंध येतो म्हणतात ते काय?

भुलीचा_डॉक्टर

येतो, दोन ठिकाणी. या एन्झाइमचा एक भाऊ आहे, ब्युटिरिलकोलिनेस्टरेज, रक्तातल्या प्लाझ्मात असतो. श्वासनळीत नळी घालताना आम्ही सक्सामेथोनियम (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) देतो, ते पाच-दहा मिनिटांत उतरतं कारण हा भाऊ त्याला तोडतो. काही माणसांत हा जन्मतःच कमी किंवा जवळपास नसतो, त्यांना एरवी आयुष्यभर काही त्रास नाही, पण हे इंजेक्शन दिलं की तासन् तास श्वास सुरू होत नाही. व्हेंटिलेटरवर ठेवलं की ठीक होतात, पण माहीत नसेल तर तोंडचं पाणी पळतं. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे, २००६ मध्ये त्यामागचा जनुकातला एक बदलही शोधून काढला गेला. नांदेड, यवतमाळ, आंध्र-तेलंगणाच्या सीमेकडे काम केलेला प्रत्येक भूलतज्ज्ञ म्हणूनच विचारतो, घरात कुणाला ऑपरेशननंतर शुद्धीवर यायला, श्वास यायला उशीर झाला होता का. यात लाजण्यासारखं काही नाही, सांगून टाकावं, आमच्याकडे दुसरी औषधं आहेत.

दुसरं म्हणजे डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन चालू असलेल्या माणसाचं ऑपरेशन, साधं मोतीबिंदूचं का असेना, भूलतज्ज्ञाला गोळी दाखवा. सक्सामेथोनियम लांबतं, आणि स्नायू सैल करणारी बाकीची औषधं उलट कमी चालतात. नातेवाईक "बीपीची आणि डोक्याची गोळी आहे" एवढंच सांगतात. डोक्याची कुठली हो?

आजीचा_नातू

हाहा, अगदी. आमच्याकडे पण 'डोक्याची गोळी' असंच म्हणायचे.

एक शंका, हे एन्झाइम नुसतं निरोप पुसतं की आजारात त्याचा स्वतःचाही काही हात असतो?

बेंझीन_रिंग

छान प्रश्न. अल्झायमरच्या मेंदूत ज्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गाठी होतात त्यांना हे एन्झाइम चिकटलेलं सापडतं, आणि १९९६ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी परीक्षानळीत दाखवलं की ते तिथे असलं की अमायलॉइडचे धागे लवकर जमतात. म्हणजे तोडायच्या कामाशी संबंध नसलेली वेगळीच खोड. यावरून आशा अशी होती की एन्झाइम अडवणारं औषध गाठीही कमी करेल, पण डोनेपेझिलने माणसात आजाराचा वेग बदलल्याचं दिसलेलं नाही. आजार वाढत जातो तसं मेंदूतलं हे एन्झाइम एकूणात कमी होतं आणि तो भाऊ, ब्युटिरिलवाला, वाढतो. रिव्हास्टिग्मिन दोघांनाही अडवतं, डोनेपेझिल मुख्यतः पहिल्याला. पार्किन्सनमधल्या डिमेन्शियात रिव्हास्टिग्मिनचं नाव जास्त ऐकाल, तिथे ॲसिटिलकोलिनची तूट बऱ्याचदा अल्झायमरपेक्षाही मोठी असते.

आणि हे म्हातारपणाचं किरकोळ दुखणं समजू नका. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शिया ७.४ टक्के, सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये छापून आलाय.

मीठमिरची

जाऊन आलो. न्यूरोलॉजिस्टनी ऑक्सिब्युटिनिन बघितल्या बघितल्या बंद केलं, मिराबेग्रॉन दिलं, डोनेपेझिल सकाळी करायला सांगितलं आणि ईसीजी काढला, नाडी ५८. संध्याकाळचा गोंधळ पूर्ण गेला नाही पण दाराशी जाणं कमी झालंय. गुळवेलताई, तुम्हाला घरी बोलावून पुरणपोळी खायला घालायला हवी. नवऱ्याने आता गूगल बंद कर म्हणायचं बंद केलंय.

गुळवेल

पुरणपोळी चालेल, कटाची आमटीही. नाडी ५० च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर थांबू नका, लगेच दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, एक इचारतो. फवारणीवाल्या मजुराचं रक्त तपासून आधीच कळते का का याच्या अंगात जहर साचून रायलं? आमच्या गटात दहा-बारा पोरं हंगामभर फवारणीच करते, रोजानं.

भुलीचा_डॉक्टर

कळतं दादा. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजतात, प्लाझ्मातलं आणि लाल पेशीतलं. लाल पेशीतलं मेंदूतल्यासारखंच असतं म्हणून ते जास्त भरवशाचं, प्लाझ्मातलं लवकर उतरतं आणि लवकर भरतं. अडचण एकच, माणसामाणसात पातळी इतकी वेगळी असते की एकदा मोजून नॉर्मल आलं तरी अर्थ नाही. ज्याची मुळात जास्त असते त्याची तिसऱ्या हिश्शाने उतरली तरी रिपोर्टवर नॉर्मलच दिसते. म्हणून फवारणी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाची एकदा मोजून ठेवायची, मग हंगामात परत मोजून त्याच्या स्वतःच्याच आकड्याशी ताडायचं. कॅलिफोर्नियात १९७४ पासून असा नियमच आहे, लाल पेशीतलं मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर उतरलं की त्या मजुराला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं, पातळी परत वर येईपर्यंत.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे जूनमध्ये, पेरणीच्या टायमाले एक, अन् ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरी.

भुलीचा_डॉक्टर

अगदी. आणि दोन्ही वेळा एकाच लॅबमधून, पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. शेवटच्या फवारणीला दोन-तीनच आठवडे झालेत असा पोरगा पहिल्या तपासणीला नको, त्याची पातळी आधीच उतरलेली असेल आणि तीच तुम्ही मूळ धरून बसाल.

वऱ्हाडी_ठेचा

लिहून घेतलं. आमच्या तालुक्याच्या लॅबवाल्याले लाल पेशीचं करता येते का ते उद्याच इचारतो, नाई तर नागपूरले पाठवा लागन. पैशाचं गटातून पाहू.